विहिरीचा वास, मातीचा श्वास

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मी कविता लिहितो. बी.ए.ला मराठी घेतलं होतं आणि विज्ञानाशी माझी शेवटची भेट दहावीच्या परीक्षेत झाली होती. त्यामुळे आज मी जिवाणूंवर बोलणार म्हटल्यावर तुम्हाला आश्चर्य वाटेल. मलाही वाटतं. पण माणसाला त्याच्या घरची विहीर जे शिकवते, ते कॉलेज शिकवू शकत नाही.

भिवपुरी म्हटलं की बहुतेकांना नेरळ आणि कर्जतच्या मधलं लोकलचं स्टेशन आठवतं. त्या स्टेशनचं नाव भिवपुरी रोड. मूळ भिवपुरी आत, घाटाच्या पायथ्याशी आहे. तिथे टाटांचं वीजघर आहे, १९२२ सालचं. वर मावळात ठोकरवाडीचं धरण, तिथलं पाणी मोठाल्या नळांतून खाली उतरतं, वीज देतं आणि मग उल्हास नदीच्या वाटेला लागतं. राजनाल्यातून तेच पाणी शेतांना मिळतं, म्हणून आमच्याकडे ऐन उन्हाळ्यातही काही ठिकाणी भाताची हिरवी खाचरं दिसतात. एवढं पाणी अंगणावरून वाहत असताना आमचं घर मात्र विहिरीवर जगलं. अब्बांनी ती वडारांकडून खोदून घेतली होती. वरचा थर तांबड्या मुरमाचा, खाली काळा पत्थर, खोली पाच पुरुष.

२००९ सालच्या मे महिन्यात एका पहाटे अम्मी वजू करायला बसली आणि हातातला तांब्या तिने तसाच खाली ठेवला. मला हाक मारून म्हणाली, "पाण्याला वास येतोय रे." आमच्याकडे पाणी पाक आहे की नाही हे ठरवताना तीन गोष्टी बघतात: रंग, वास आणि चव. रंग ठीक होता. चव घ्यायची गरजच पडली नाही. वास पेट्रोलचा होता.

रस्त्याकडेला एक पंप होता. त्याची जमिनीखालची टाकी गंजून झिरपत होती, हे पुढे महिन्याभराने उघड झालं. त्यावरून झालेली भांडणं, अर्ज, पंचनामे यांत मी तुम्हाला नेत नाही. शेवटी टाकी उकरून काढली, आजूबाजूची भिजलेली मातीही उचलली. पण जे पेट्रोल आधीच खाली उतरलं होतं, ते कोण उचलणार? शेजारच्यांनी सुचवलं, ब्लीचिंग पावडर टाका. कुणी म्हणालं, तुरटी फिरवा. आम्ही दोन्ही केलं. वास जागच्या जागी.

कर्जतला रसायनशास्त्र शिकवणारे माझे एक मित्र आहेत. ते आले, विहिरीत डोकावले आणि म्हणाले, "ब्लीचिंग पावडर रोगजंतू मारायला. पेट्रोलला तिचा उपयोग नाही. उलट जे तुमच्यासाठी काम करू शकतील, त्यांनाच तुम्ही मारताय." मी विचारलं, "कोण काम करणार माझ्यासाठी?" ते म्हणाले, "चला, शेतावर जाऊ."

शेतावर त्यांनी मला काय दाखवलं, ते सांगतो. राजनाल्याच्या पाण्यावरचं एक खाचर होतं. बांधाच्या कडेने पाणी पाझरत होतं. पाझरलेल्या जागी नारिंगी, बुळबुळीत गंजासारखा थर होता आणि साचलेल्या पाण्यावर इंद्रधनुष्यी रंगाचा पातळ तवंग. मी म्हटलं, "इथेही पेट्रोल?" त्यांनी एक काडी घेतली आणि तवंगात घातली. तवंगाचे तुकडे झाले, पातळ काच फुटावी तसे, आणि ते तुकडे वेगळेच राहिले. "तेल असतं तर काडी काढल्यावर पुन्हा एकत्र आलं असतं," ते म्हणाले. "हे लोखंड आहे. जमिनीतून विरघळून आलेलं आणि हवा लागल्यावर पुन्हा गंजलेलं."

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या प्रत्येकाने हा तवंग पाहिलेला असतो. मीही लहानपणापासून पाहत आलो होतो. पण लोखंड मातीतून विरघळून कसं येतं, हा प्रश्न मला पन्नाशीकडे झुकेपर्यंत पडला नव्हता.

आता त्या मास्तरांनी सांगितलेलं माझ्या भाषेत सांगतो. श्वास म्हणजे नुसतं हवा आत घेणं आणि बाहेर सोडणं नव्हे. जीव अन्न खातो, तेव्हा त्या अन्नातून इलेक्ट्रॉन नावाचे विजेचे कण सुटतात. ते कुणीतरी उचलून नेले पाहिजेत. लग्नातली पंगत आठवा. पहिली पंगत जेवून उठली आणि उष्टी पत्रावळ उचलणारा माणूसच नसेल, तर दुसरी पंगत बसत नाही. अन्न भरपूर असून लोक उपाशी राहतात. आपल्या शरीरात ही पत्रावळ उचलण्याचं काम ऑक्सिजन करतो. तो मिळाला नाही की समोर पंचपक्वान्नं असूनही आपण मरतो.

पण भाताच्या खाचरात चिखलणी केली, पाणी भरलं, की एकदोन दिवसांतच चिखलातला ऑक्सिजन संपतो. मग तिथले जिवाणू काय करतात? ते दुसरा उचलणारा शोधतात. आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोखंड, त्यानंतर सल्फेट. तेही संपलं की चिखलातून बुडबुडे येऊ लागतात, तो मिथेन वायू. यातलं लोखंड म्हणजे आपल्या मातीचा तांबडा रंग. गंजलेलं लोखंड पाण्यात विरघळत नाही. पण जिवाणूने आपला इलेक्ट्रॉन त्याच्या हवाली केला की त्याचं रूप बदलतं आणि ते विरघळतं. म्हणून पाण्याखालची तांबडी माती हळूहळू करडी पडते. भाताची मुळं आपल्या पोकळ देठातून खाली थोडी हवा नेतात, तिथे तेच लोखंड पुन्हा गंजतं. लावणीनंतर काही आठवड्यांनी रोप उपटून पाहा, मुळांवर तांबूस लेप दिसेल. बोअरचं पाणी बादलीत काढताना स्वच्छ दिसतं आणि सकाळी तांबूस होतं, कपडे पिवळे पडतात, भांड्यांवर डाग येतात, त्यामागेही बऱ्याचदा हाच खेळ असतो.

हे नीट सिद्ध व्हायला मात्र १९८० चं दशक उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळातून डेरेक लव्हली या शास्त्रज्ञाने १९८७ साली असा एक जिवाणू वेगळा काढला, जो ऑक्सिजनशिवाय केवळ गंजावर आपला श्वास चालवत होता. पुढे त्याला जिओबॅक्टर असं नाव मिळालं. आणि याच जिवाणूविषयी दोनतीन वर्षांत आणखी एक गोष्ट कळली, ती आमच्या विहिरीच्या कामाची होती. टोल्युइन हा पेट्रोलमधला घटक तो खाऊन टाकतो. अन्न टोल्युइन, श्वास लोखंडाचा. उरतं काय, तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइडपासून झालेला, पाण्यात मिसळलेला निरुपद्रवी क्षार आणि विरघळलेलं लोखंड.

मला एक गोष्ट फार नवलाची वाटली. गंज हा घन पदार्थ. तो या इवल्या जिवाला गिळता येत नाही. मग इलेक्ट्रॉन त्याच्यापर्यंत पोहोचवायचा कसा? जिओबॅक्टर आपल्या अंगातून केसाहून हजारो पटींनी बारीक तंतू बाहेर काढतो आणि त्या तंतूंतून वीज वाहते, असं २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. २०१९ साली अतिशय ताकदवान सूक्ष्मदर्शकाखाली यातले काही तंतू पाहिले, तेव्हा त्यांत हीम नावाच्या लोहयुक्त कणांची माळ ओवलेली आढळली. हीम म्हणजे तेच, जे आपल्या रक्ताला लाल रंग देतं. वीजघराच्या गावात मी वाढलो. आमच्या पायाखालच्या चिखलातही वीज वाहते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मास्तरांनी हे सांगितल्यावर मला वाटलं, झालं काम! आमच्या सह्याद्रीचा काळा पत्थर म्हणजे लाव्हारसाचा खडक, त्यात लोहाचं प्रमाण भरपूर. तो झिजून झालेला मुरूम तांबडा. समोरच्या माथेरानची तांबडी धूळ तर पर्यटकांच्या कपड्यांवरून मुंबईपर्यंत जाते. म्हणजे पत्रावळी उचलणाऱ्यांची आमच्याकडे काय कमी?

त्यांनी माझा उत्साह तिथेच आवरला. म्हणाले, हिशोब ऐका. टोल्युइनचा एक रेणू पूर्ण संपवायला ऑक्सिजनचे ९ रेणू पुरतात. तेच काम लोखंडाकडून करून घ्यायचं तर लोखंडाचे ३६ अणू लागतात. शिवाय सगळं लोखंड जिवाणूच्या हाती लागत नाही. काही दगडात घट्ट बसलेलं असतं, काही आधीच दुसऱ्या रूपात असतं. आणि तुमच्या विहिरीचं पाणी वाळूतून गाळून येत नाही, खडकाच्या भेगांतून येतं. भेगेतून पाणी कधी पळतं, कधी अडतं. जिवाणूंना वेळ मिळेलच असं नाही.

त्यांनी मला एका जागेची गोष्ट सांगितली. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली. सुमारे १७ लाख लिटर तेल सांडलं. बरंचसं उपसलं, काही जाळलं, भिजलेली माती उचलली. तरी साधारण ४ लाख लिटर जमिनीत राहून गेलं. तिथल्या भूवैज्ञानिक खात्याने १९८३ पासून ती जागा अभ्यासासाठी धरून ठेवली, आणि तो अभ्यास दशकानुदशकं चालला. त्यांना काय दिसलं? तिथलं भूजल १७ वर्षांत सुमारे ५०० मीटर पुढे सरकलं असावं, पण तेलातून विरघळलेली घाण जेमतेम २०० मीटरवर अडलेली होती. जमिनीतले जिवाणू वाटेतच तिचा फडशा पाडत होते, आणि त्यांतले मोठे कामकरी लोखंडावर श्वास घेणारे होते.

ही झाली चांगली बाजू. दुसरी बाजू अशी की तेलाजवळच्या भागातलं हाताशी असलेलं लोखंड संपत गेलं, आणि कामाची हद्द पुढे पुढे सरकत गेली. म्हणजे पत्रावळी उचलणारेही थकतात. तिसरी बाजू त्याहून गंभीर. गंजाच्या कणांना चिकटून आर्सेनिक बसलेलं असतं. गंज विरघळला की तेही सुटतं. बेमिजीच्या पाण्यात हे आढळलं. आणि बंगालमध्ये, सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे, कोट्यवधी लोकांच्या नळकूपांत आर्सेनिक आलं, त्याचं एक मोठं कारणही हेच मानलं जातं. तिथे कुणी पेट्रोल सांडलं नव्हतं. गाळातला कुजका पालापाचोळा खात जिवाणूंनी लोखंड विरघळवलं आणि विष मोकळं झालं. तोच जीव, तीच क्रिया. एका ठिकाणी झाडूवाला, दुसऱ्या ठिकाणी विष सोडणारा. त्याला आपलं भलंबुरं माहीत नाही. तो फक्त श्वास घेतो.

तेल खाणाऱ्या जिवाणूंची गोष्ट निघाली की आपल्याकडे आनंद मोहन चक्रवर्ती यांचं नाव घेतात, आणि घ्यावंच. बंगालमध्ये जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने अमेरिकेत तेल पचवणारा जिवाणू घडवला. सजीवाचं पेटंट घेता येतं का, हा वाद तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण मला आमच्या मुरमातल्या जिवाणूंचं अप्रूप अधिक आहे. त्यांना कुणी घडवलं नाही, त्यांचं कुणी पेटंट घेतलं नाही. आपल्याच कोयनेच्या परिसरात भूकंपाचा अभ्यास करण्यासाठी खोल विवरं पाडली. २०१७ साली त्यांतलं एक ३ किलोमीटर खोलीपर्यंत गेलं. वरचा काळा पत्थरच किलोमीटरभराहून जाड, त्याखाली ग्रॅनाइट. तिथून काढलेल्या दगडाच्या नमुन्यांतही खरगपूरच्या आय.आय.टी.च्या शास्त्रज्ञांना जिवाणूंचा माग लागला. ज्या पत्थराला आपण निर्जीव म्हणतो, त्याच्या आतही वस्ती आहे.

आता पुन्हा विहिरीकडे येतो. आम्ही पाण्याचा टँकर घेतला, मग नळ आला. विहिरीवर फळी टाकली. दर उन्हाळ्यात मी फळी सरकवून वास घ्यायचो. पहिल्या वर्षी तसाच. दुसऱ्या वर्षी कमी. पाणी तांबूस येऊ लागलं, कठड्यावर नारिंगी साय धरली. भाभी म्हणाली, "आता तर अजूनच बिघडलं." मी मात्र मनात खूश झालो. मास्तर म्हणाले, "चिन्ह चांगलं आहे. पण चिन्हच आहे."

२०१३ च्या उन्हाळ्यात वास पूर्ण गेला. अम्मीने तांब्याभर पाणी काढून हुंगलं आणि म्हणाली, "रंग आहे थोडा, तो बसेल खाली. वास नाही. झालं ना पाणी साफ?" तिला त्या विहिरीचं पाणी प्यायचं होतं. नळाचं पाणी तिला कधी गोड लागलं नाही. अब्बांनी खोदलेली विहीर होती ती.

मी पाणी तपासायला मुंबईला पाठवलं. पंधरा दिवसांनी कागद आला. नाकाला वास नव्हता, पण कागदावर बेंझीन होतं, आणि ते मर्यादेच्या वर होतं. बेंझीन रक्ताचा कर्करोग घडवू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे, म्हणजे एका ग्रॅमचा एक लाखावा भाग. नाकाला कळण्याच्या कितीतरी आधीच ते धोक्याचं झालेलं असतं. टोल्युइन जिवाणूंनी आधी संपवलं होतं. बेंझीन हट्टी असतं, ऑक्सिजन नसलेल्या जागी ते सर्वांत शेवटी जातं.

मी अम्मीला नाही म्हणालो. ती काही बोलली नाही. पुढच्या वर्षी तिने पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. मी दर वेळी "अजून थोडं थांब" म्हणत राहिलो. २०१६ च्या थंडीत ती गेली. शेवटच्या आजारात तिने एकदा मागितलं होतं, "आपल्या विहिरीचं दे." मी नळाचं पाणी तांब्यात भरून दिलं. तिने एक घोट घेऊन माझ्याकडे पाहिलं आणि तांब्या परत दिला. तिला कळलं होतं, हे मलाही कळलं. मी बरोबर केलं की चूक, याचा निवाडा मला आजही करता येत नाही. कागद माझ्या बाजूने होता, एवढंच सांगता येईल.

२०१८ च्या मे महिन्यात आणि त्याच वर्षी पावसाळ्यानंतर आम्ही दोनदा तपासणी केली, २०१९ मध्ये पुन्हा एकदा. तिन्ही वेळा बेंझीन सापडलं नाही. आर्सेनिकही बघायला सांगितलं होतं, तेही नव्हतं. लोखंड होतं, तेही पुढे उतरत गेलं. विहीर साफ व्हायला टाकी काढल्यापासून नऊ वर्षं लागली. त्यात जिवाणूंचा वाटा किती, पावसाने धुऊन नेलं किती, हवेत उडून गेलं किती, हे मास्तर छातीठोकपणे सांगत नाहीत. मीही सांगणार नाही. आज त्या पाण्यावर कपडे, भांडी, बाग आणि वजू चालतं. प्यायला नळाचंच घेतो.

श्रोतेहो, या सगळ्यातून मी दोन गोष्टी शिकलो. पहिली व्यवहाराची. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९९९ साली निसर्गाला त्याच्या गतीने सफाई करू देण्याचे नियम घातले, तेव्हा त्याबरोबर दोन अटी ठेवल्या: घाणीचा उगम आधी आवरा, आणि पाण्यावर सतत नजर ठेवा. "निसर्ग आपोआप साफ करतो" असं म्हणून हात झटकणाऱ्याला हे अर्धंच माहीत असतं. आमच्याकडे ती टाकी उकरली नसती, तर मुरमातले सगळे जिवाणू मिळूनही हरले असते. तुमच्या विहिरीला किंवा बोअरला असा वास आला, तर पाणी वापरणं ताबडतोब थांबवा, ब्लीचिंग पावडर ओतत बसू नका, तक्रार लेखी करा आणि वास गेला तरी तपासणीच्या कागदाशिवाय ते पाणी पिऊ नका. पाणी तांबूस असेल तर आर्सेनिकही तपासायला सांगा.

दुसरी गोष्ट माझ्यापुरती. आम्ही कवी मंडळी मातीला आई म्हणतो आणि तिच्या सोसण्याचं कौतुक करतो. मातीचं सोसणं म्हणजे काय, ते मला त्या नऊ वर्षांत समजलं. आपण एका रात्रीत सांडतो आणि ती एकेक रेणू मोजून, छत्तीस-छत्तीस अणू खर्चून निस्तरते. माणसाचं आयुष्य तेवढा वेळ थांबत नाही.

२०१९ चा कागद आला, त्या दिवशी मी विहिरीवरची फळी कायमची काढली. पहिली बादली ओढली, थोडं पाणी तांब्यात घेतलं आणि कब्रस्तानात जाऊन अम्मीच्या कबरीवर शिंपडलं. तिथली मातीही तांबडीच आहे.